हरिभाऊंची स्फुट गोष्ट आणि तिच्यातील गौण पात्रे

हरिभाऊ आपटे यांच्या स्फुट गोष्टींवर पाल्हाळाचा आक्षेप वारंवार घेतला गेला आहे. गोष्ट लहान आणि माणसे फार, हा त्याचाच एक भाग. ही माणसे कोठून आली, याचा उलगडा त्यांच्या चरित्रातून बराचसा होतो.

हरि नारायण आपटे यांचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. आई लहानपणीच वारली. चुलते महादेव चिमणाजी आपटे यांच्या आश्रयाने ते आधी मुंबईत आणि १८७८ पासून पुण्यात वाढले. त्या काळच्या एकत्र कुटुंबात कोणाचेही दुःख त्याच्या एकट्याचे राहत नसे. सासू, आत्या, विधवा नातलग, आश्रित यांची नजर त्यावर असे. पुढे हरिभाऊंच्या कथनात जी गर्दी दिसते ती या घरांतली आहे. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये चिपळूणकर, टिळक, आगरकर हे त्यांचे शिक्षक. आगरकरांच्या 'विकारविलसित' या 'हॅम्लेट'च्या भाषांतरावर त्यांनी तरुण वयातच प्रदीर्घ टीकालेख लिहिला. गणिताने मात्र पदवी मिळू दिली नाही.

'मधली स्थिती' ही कादंबरी १८८५ मध्ये क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली आणि १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक निघाले. त्यातूनच वाचकांपुढे आलेल्या 'पण लक्षात कोण घेतो!' मधील दुर्गी पाहावी. यमूचे मनोगत ऐकणारी मैत्रीण एवढेच काम तिला देता आले असते. परंतु तिच्या संसाराची दैना यमूच्या कहाणीशेजारी उभी राहते आणि यमूचे भोग हा एका घरातला अपघात ठरत नाही. अशी व्यक्तिरेखा हप्त्याहप्त्याने वाढते. ती काही आठवडे दिसली नाही तरी वाचक तिला विसरत नाही.

स्फुट गोष्टीत ही सवड नव्हती. त्यापूर्वीच्या मासिकांतील कथा बहुधा लांबलचक, अद्भुतरम्य वा भाषांतरित असत. त्यामुळे समकालीन कौटुंबिक जीवनाच्या लहान गोष्टीसाठी मराठीत तयार वाट नव्हती. हरिभाऊंनी कादंबरीचीच रीत इकडे आणली. एखादा शेजारी येतो, त्याचा स्वभाव, पूर्वेतिहास, घरची स्थिती सांगितली जाते. वाचक त्याच्या पुनरागमनाची वाट पाहू लागतो आणि गोष्ट संपते. दोष पात्रसंख्येचा नाही. प्रत्येकाच्या परिचयातून निर्माण केलेली अपेक्षा अपुरी राहते, हा खरा दोष होय. (अभ्यासक मात्र पात्रे मोजत बसले.)

'काळ तर मोठा कठीण आला' या गोष्टीत हरिभाऊ मध्यमवर्गीय वाड्याबाहेर पडून दुष्काळाकडे वळले. त्यांची ही सर्वोत्कृष्ट गोष्ट मानली जाते, ती केवळ विषयामुळे नव्हे. एकाच आपत्तीने सर्वांना बांधल्यावर कोणाचा स्वतंत्र पूर्वेतिहास सांगण्याची निकड उरत नाही. भुकेपुढे कोण कसा वागतो, एवढ्यावर माणूस उभा राहतो.

१८९५ मध्ये सुरू झालेल्या 'मनोरंजन'मधून, विशेषतः वि. सी. गुर्जरांच्या हातून, 'संपूर्ण गोष्ट' आटोपशीर झाली. तिथे दुय्यम पात्र मुख्यतः गैरसमज घडवण्यासाठी वा रहस्य उलगडण्यासाठी येते. बांधणी सुधारली, पण हरिभाऊंच्या गोष्टीत भोवतालच्या माणसांमुळे जाणवणारे समाजाचे दडपण विरळ झाले. दिवाकर कृष्णांनी कथेचा रोख अंतर्मनाकडे वळवला, तेव्हा इतर माणसे त्या मनावर उमटण्यापुरतीच उरली.

आनंदाश्रमाचे व्यवस्थापन, पुणे नगरपालिकेची कामे आणि साप्ताहिकाचा रतीब यांतून हरिभाऊंना उसंत फारशी मिळाली नाही. १९१२ च्या अकोला साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. 'करमणूक' १९१७ मध्ये बंद पडले आणि ३ मार्च १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. 'गणपतराव', 'आजच', 'मायेचा बाजार' यांसारख्या कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. स्फुट गोष्टींना तेवढा शेवट मिळाला होता. त्या चार भागांत संग्रहित झाल्या.