३५० डिग्री आणि फॅरनहाइट

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आजीचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. केक घरीच करायचा, आणि तो मीच करणार, असं मी जाहीर करून टाकलं. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षातल्या मुलाला एक साधा ओव्हन जमू नये? आईच्या वहीत ३५० डिग्री, ४० मिनिटं असं लिहिलं होतं. आमच्या ओव्हनचा नॉब २५० वरच संपतो. मी तो शेवटपर्यंत फिरवला आणि... जाऊ दे! वहीतले ३५० फॅरनहाइटमधले होते, म्हणजे साधारण १७७ सेल्सिअस. दुसरा केक नॉब १८० वर ठेवून केला. तोही वरून कोळसा, आतून कच्चा. आजीने करपलेला भाग खरवडून बाकीचा खाल्ला आणि छान झालाय म्हणाली. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

हॉस्टेलवर परतल्यावर डोक्यात एकच किडा. हा फॅरनहाइट कोण? मेसमध्ये कुणाला १०२ ताप आहे असं आपण म्हणतो, ते अंश याच्याच नावाचे. पण माणूस कोणालाच माहीत नाही. लायब्ररीत बसलो आणि सबमिशन विसरून वाचत राहिलो.

डॅनिएल गॅब्रिएल फॅरनहाइटचा जन्म १६८६ चा, डान्झिग या बंदराच्या गावचा. आज ते पोलंडमध्ये आहे आणि त्याला ग्दान्स्क म्हणतात. घर व्यापाऱ्याचं, खाऊन-पिऊन सुखी. पण १६०० चं शतक संपलं आणि १७०१ च्या ऑगस्टमध्ये विषारी अळंबी खाण्यात येऊन आई आणि वडील दोघंही एकाच दिवशी गेले. हा सगळ्यांत थोरला, वय १५. नातेवाइकांनी त्याला हिशेब शिकायला ॲम्स्टरडॅमच्या एका व्यापाऱ्याकडे पाठवून दिलं.

हिशेबाच्या वहीत त्याचं मन काही रमेना. काचेच्या नळ्या आणि थर्मामीटर यांचं वेड लागलं. उमेदवारी संपवून तो त्यातच पडला, पैसे उधळू लागला. कर्ज झालं. शेवटी डान्झिगच्या मंडळींनी त्याला पकडून डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावरून पूर्वेकडे धाडून द्यावं अशी व्यवस्था केली. अटकेचं वॉरंट निघालं! आपल्याला घरून फार तर ब्रँच बदलायची धमकी मिळते.

पठ्ठ्या हाती लागला नाही. जर्मनी, डेन्मार्क असा गावोगाव फिरत शिकत राहिला. १७०८ मध्ये कोपनहेगनला ओले रोमरला भेटला. प्रकाशाला वेग असतो हे दाखवणारा तोच हा रोमर. तिथे त्याला खरी गोष्ट कळली. नळीवर रेघा कोणीही मारेल, पण रेघ कुठून सुरू करायची? निसर्गात जी गोष्ट दर वेळी त्याच तापमानाला घडते तिथून. अशा दोन जागा पक्क्या केल्या की मधलं अंतर वाटून घ्यायचं.

रोमरच्या पट्टीवर बर्फ साडेसातवर होता. फॅरनहाइटने प्रत्येक अंशाचे चार भाग केले आणि पुढे आकडे थोडे सरकवले. बर्फ, पाणी आणि नवसागराच्या मिश्रणाला शून्य, नुसत्या बर्फ-पाण्याला ३२, निरोगी माणसाच्या अंगाला ९६. ३२ ते ९६ म्हणजे ६४ भाग. सहा वेळा निम्मे-निम्मे करत गेलं की प्रत्येक रेघ बरोबर पडते. वर्कशॉपमध्ये जॉब मार्क केलेल्यांना ही सोय लगेच कळेल.

१७१४ मध्ये त्याने ख्रिश्चन वोल्फ या जर्मन प्राध्यापकाला दोन थर्मामीटर दिले. दोन्ही सारखंच तापमान दाखवत होते. वोल्फ इतका चकित झाला की त्याने त्यावर लेख लिहिला. दोन थर्मामीटर जुळणं ही तेव्हा बातमी होती! पुढे फॅरनहाइटने स्वच्छ केलेला पारा वापरला, म्हणून उकळत्या पाण्याच्याही वरचं तापमान मोजता येऊ लागलं. हवेचा दाब बदलला की पाण्याचा उत्कलनबिंदूही बदलतो, हे त्याने मोजून दाखवलं. १७२४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सदस्य केलं.

पैसा मात्र कधी टिकला नाही. पाणी उपसण्याच्या यंत्राचं पेटंट मिळवायला तो द हेगला गेला आणि तिथेच आजारी पडून १६ सप्टेंबर १७३६ ला वारला. वय ५०. दफन गरिबांच्या वर्गातलं झालं. पाण्याचा उत्कलनबिंदू २१२ वर पक्का करून त्याची पट्टी नंतरच्यांनी नीट बसवली, त्यात अंगाचं तापमान ९८.६ वर गेलं.

हे वाचलं आणि माझी चूक कळली. मी नॉबवरच्या छापील आकड्यावर विश्वास ठेवला, पण तो कशाशी ताडून पाहिला नव्हता. पुढच्या सुट्टीत पक्की जागा शोधली : साखर. ती साधारण १८६ सेल्सिअसला वितळते. फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर, ओव्हन अर्धा तास आधी तापवलेला, वाटी मधल्या जाळीवर १५ मिनिटं. नॉब १७५ वर असताना साखर तशीच राहायला हवी आणि १९० वर वितळायला हवी. आमच्याकडे १६० वरच पाक झाला! म्हणजे ओव्हन निदान २५ अंश पुढे धावत होता. मग ओव्हनसाठी मिळतो तो छोटा थर्मामीटर आणला. थर्मोस्टॅट चालू-बंद होतो तसा काटा वर-खाली होतो, म्हणून दर पाच मिनिटांनी वाचून सरासरी काढली. उत्तर तेच. (लॅबमधला पाऱ्याचा थर्मामीटर यासाठी कोणी ढापू नका, फुटला तर ओव्हन आणि केक दोन्ही जातील.)

आईच्या नेलपॉलिशने नॉबवर १५० पाशी ठिपका दिला. तोच आमचा १७७. तिसरा केक त्या ठिपक्यावर केला. आजीने या वेळी काही खरवडलं नाही, काही बोललीही नाही. फक्त दुसरा तुकडा मागितला.