मॅक्स म्युलर : भाषाकुल आणि वंश

फ्रीड्रिख मॅक्स म्युलर यांचा जन्म ६ डिसेंबर १८२३ रोजी जर्मनीतील देसाउ येथे, विल्हेल्म म्युलर या कवीच्या घरी झाला. लाइपत्सिग, बर्लिन व पॅरिस येथे अध्ययन करून १८४६ मध्ये ते इंग्लंडला गेले. ईस्ट इंडिया कंपनीच्या साहाय्याने त्यांनी सायणभाष्यासह संपादिलेला ऋग्वेद १८४९ ते १८७४ या काळात सहा खंडांत प्रसिद्ध झाला. १८६० मध्ये ऑक्सफर्डचे संस्कृतचे अध्यासन मोनियर विल्यम्स यांना मिळाले. म्युलर यांच्यासाठी १८६८ मध्ये तौलनिक भाषाशास्त्राचे अध्यासन निर्माण झाले. भारतात ते कधीही आले नाहीत.

संस्कृत, ग्रीक, लॅटिन इत्यादी भाषांच्या कुलाला आर्य ही संज्ञा रूढ करण्यात म्युलर यांचा वाटा मोठा आहे. मात्र १८५० च्या दशकातील त्यांच्या लेखनात भाषेच्या नात्यासोबत रक्ताचे नातेही आले. इंग्रज व बंगाली यांना एकाच पूर्वजांचे वंशज ठरविण्यामागे आपुलकीचा हेतू होता. परंतु भाषेवरून वंश ओळखता येतो, या गृहीतकाला त्यामुळे विद्वत्तेचे पाठबळ मिळाले. १८६१ मध्ये त्यांनी सिंहली भाषेचाही आर्यकुलात समावेश केला.

महाराष्ट्रात या विचाराचे परस्परविरोधी उपयोग झाले. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) आर्यांचे आगमन हे परकीयांचे आक्रमण मानून ब्राह्मणी वर्चस्वाची मीमांसा केली. ज्यांच्या सुटकेसाठी १८९८ मध्ये म्युलर यांनी अर्जावर स्वाक्षरी केली, त्या टिळकांनी १९०३ मध्ये आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवाजवळ असल्याचे प्रतिपादिले. आर्य हा एक जनसमूह होता, हे दोघांनाही मान्य होते.

म्युलर यांची भूमिका मात्र पुढे बदलली. १८७२ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे आणि १८८८ च्या ग्रंथात त्यांनी भाषाकुल व वंश यांची गल्लत निःसंदिग्धपणे नाकारली. २८ ऑक्टोबर १९०० रोजी ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले, तोवर ही संज्ञा भाषाशास्त्राच्या हाती उरली नव्हती. गोबिनोप्रणीत वंशश्रेष्ठत्ववादाने तिला वेगळेच वळण दिले होते. १९३३ मध्ये नाझी राजवटीने अनार्यांना शासकीय सेवेतून दूर करण्याचा कायदा केला. त्यात जर्मन हीच मातृभाषा असलेले यहुदीही अनार्य ठरले आणि त्याचा पुरावा म्हणून आजी-आजोबांचा धर्म ग्राह्य धरला गेला. श्रीलंकेत सिंहली आर्य आणि तमिळ द्राविड हा भेद भाषेपुरता न राहता वांशिक अस्मितेचा झाला. १९५६ च्या राजभाषा कायद्याने तीव्र केलेल्या आणि १९८३ ते २००९ या काळातील यादवीत परिणत झालेल्या संघर्षात ही अस्मिताही अनुस्यूत होती. संज्ञा स्वीकारणाऱ्यांनी तिच्या प्रवर्तकाची दुरुस्ती स्वीकारली नाही.