सावित्रीबाईंचा यशवंत

मंडळाची सहल पुण्यास गेली होती तेव्हाची गोष्ट. पनवेलहून सकाळची एसटी धरली, बोरघाट चढलो, आणि दुपारच्या आत गंज पेठेतील जोतीराव फुल्यांच्या वाड्यात पोहोचलो. तेथे समाधी पाहिली, विहीर पाहिली. याच आवारात विधवांसाठी प्रसूतिगृह होते हे ऐकून आमच्यातील एका अबोल भगिनीने हळूच विचारले, की येथे जन्मलेली ती बाळे मोठी झाल्यावर कोठे गेली असतील? उत्तर चटकन कोणालाच देता आले नाही. सावित्रीबाईंचे चरित्र आपण दरवर्षी ३ जानेवारीस ऐकतो. मुलींची शाळा, अंगावर आलेले शेणाचे गोळे, पिशवीतले दुसरे लुगडे, एवढे आपणां सर्वांस पाठ आहे. म्हणून ते सारे येथे पुन्हा न लिहिता त्या भगिनीच्या प्रश्नाच्या वाटेनेच त्यांचे चरित्र सांगावे असे योजिले आहे.

सावित्रीबाईंचा जन्म १८३१ साली सातारा जिल्ह्यातील नायगावी, खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी झाला. १८४० साली नवव्या वर्षी लग्न होऊन त्या पुण्यास आल्या. पती जोतीराव तेरा वर्षांचे. त्यांची आई ते तान्हे असतानाच वारली होती, आणि सगुणाबाई क्षीरसागर या त्यांच्या मावसबहिणीने त्यांना वाढविले होते. सगुणाबाई स्वतः बालविधवा. एका मिशनरी साहेबाकडे अनाथ मुलांना सांभाळण्याचे काम त्या करीत असत. म्हणजे सावित्रीबाई ज्या घरात नांदावयास आल्या, त्या घरात पोरक्या मुलाला आईची माया देणारी बाई आधीपासूनच होती. पुढे जे घडले त्याचे बीज मला तरी येथेच दिसते.

१८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली आणि वर्षभरातच सासऱ्यांनी जातभाईंच्या भीतीने दोघांना घराबाहेर काढले. नेसत्या वस्त्रानिशी घर सोडणे काय असते, हे सावित्रीबाईंना अठराव्या वर्षी कळले होते.

१८६३ साली पुण्यात एक प्रकरण गाजले. जोतीरावांच्या मित्राच्या घरी काशीबाई नावाची तरुण विधवा स्वयंपाकास होती. शेजारच्या एका शास्त्रीबोवांनी तिला फसविले, दिवस गेले, पाडण्याचे उपाय फसले. अब्रूच्या भयाने तिने जन्मलेल्या बाळाचा जीव घेतला आणि प्रेत विहिरीत टाकले. कोर्टाने तिला जन्मठेप देऊन अंदमानास धाडले. शास्त्रीबोवा मोकळेच राहिले. हा खटला होताच फुले दांपत्याने आपल्याच आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवांनी येथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल बरोबर न्यावे वा ठेवून जावे, अशा जाहिराती भिंतींवर लावल्या. जाहिरात जोतीरावांच्या नावाची, पण रात्री दार ठोठावल्यावर उठावयाचे कोणी? कंदील घेऊन, पाणी तापवून, नाळ कापून, घाबरलेल्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरविणे हे काम सावित्रीबाईंचे होते.

१८८४ पर्यंत अशा पस्तीस बाया तेथे आल्या, असे जोतीरावांनी लिहून ठेवले आहे. त्यांच्या बाळांपैकी पाचच जगली. बाकीची गेली, कारण गर्भ लपविण्यासाठी आयांनी आधीच विषारी औषधे घेतलेली असत. पस्तिसांत पाच! ज्या बाईने एवढी मरणे हातांवर पाहिली तिने दार बंद केले नाही, यातच सारे आले.

वाचलेल्यांपैकी एक यशवंत. काशीबाई याच नावाच्या दुसऱ्या एका ब्राह्मण विधवेचा हा मुलगा १८७४ साली जन्मला. फुले दांपत्यास मूलबाळ नव्हते. त्यांनी त्याला दत्तक घेतले. येथवरची कथा पुस्तकांतून येते आणि बहुधा येथेच संपते. मूल वाचले, मायेचे घर मिळाले, शेवट गोड झाला. परंतु आश्रमातील मुलाची खरी परीक्षा तो मोठा झाल्यावर सुरू होते. लहान बाळास कोणीही कडेवर घेईल. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलास लोक नाव, जात, बाप, घर विचारतात. त्या वेळी त्याच्या पाठीशी कोण उभे राहते, हे पाहावयाचे.

मधल्या काळात १८७६-७७ चा मोठा दुष्काळ पडला. आपल्या शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांचे मन याच दुष्काळातील हाल पाहून पेटले, हे पनवेलकरांना सांगावयास नको. त्यांनी बंडाची वाट धरली, सावित्रीबाईंनी चुलीची. धनकवडीस सत्यशोधक मंडळींनी दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांसाठी आश्रम काढला. तेथे भाकऱ्या थापणाऱ्या बायकांत त्या होत्या.

यशवंत तेरा वर्षांचा झाला तेव्हा, १८८७ च्या जुलैत, जोतीरावांनी मृत्युपत्र करून ते रीतसर नोंदविले. आपल्या मागे मिळकत यशवंताची, देखरेख सावित्रीबाईंची, भाऊबंदांचा हक्क नाही. मुलगा लायक न निघाल्यास मिळकत दुसऱ्या लायक मुलास जावी, अशीही अट त्यात होती. ही अट वाचून प्रथम मन चरकते. पण पोटच्या मुलासही कडक बाप असेच बजावतो, नाही का? महत्त्वाचे हे की त्या मुलाचा हक्क सरकारी कागदावर चढला. माया घरात असते, पण भाऊबंद दारात आले म्हणजे कागदच बोलतो.

पुढल्याच वर्षी जोतीरावांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, मिळकत आटली. यशवंताचे शिक्षण थांबू नये हा घोर दोघांस लागला. मामा परमानंदांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि काही मदत आली. ती आली तेव्हा जोतीराव हयात नव्हते. अशा ओढाताणीतही यशवंत शिकत राहिला व डॉक्टर झाला. त्यास एखाद्या दुकानी कामास लावून मोकळे होणे त्या काळी कोणालाही वावगे वाटले नसते.

लग्नाचा प्रश्न तर त्याहून अवघड. विधवेच्या पोटी जन्मलेल्या मुलास मुलगी कोण देणार? हडपसरचे सत्यशोधक ज्ञानोबा कृष्णाजी ससाणे यांनी धैर्य दाखवून आपली राधा देऊ केली. सावित्रीबाईंनी येथे जे केले ते मला सर्वांत मोठे वाटते. लग्नाआधीच त्यांनी राधेला आपल्या घरी आणून ठेवले. मुलामुलीचा एकमेकांशी परिचय व्हावा, घराची रीत तिला कळावी, तिचे शिक्षण चालू राहावे. तिला अभ्यासास वेळ मिळावा म्हणून घरकाम स्वतः केले. सासूने सुनेसाठी चूल सांभाळावी आणि सुनेने पुस्तक धरावे! ४ फेब्रुवारी १८८९ रोजी सत्यशोधक पद्धतीने हे लग्न झाले. आजच्या हिशेबाने वय फार लहान, पण त्या काळी पन्नाशी ओलांडलेल्या सासूचे हे वागणे गल्लीत नवलाचे ठरले असणार.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेच्या वेळी भाऊबंद पुढे आले, दत्तक मुलाने टिटवे धरावयाचे नाही म्हणून वाद घातला. तिरडी अंगणात आणि तंटा दारात. तेव्हा सावित्रीबाईंनी ते टिटवे स्वतः हाती घेतले आणि त्या पुढे चालू लागल्या. स्त्रीने टिटवे धरल्याचे पुण्याने पाहिले नव्हते. ही गोष्ट नेहमी स्त्रीच्या धाडसाची म्हणून सांगतात, आणि ती तशी आहेच. पण त्या दिवशी मुलाच्या हक्कावर कोणी हात टाकला होता आणि त्याच्या आईने तो हात झिडकारला, हेही त्यात आहे.

राधा १८९५ साली वारली. यशवंत लष्करात डॉक्टर होता. सावित्रीबाई एकट्या पडल्या, तरी सत्यशोधक समाजाचे काम पाहत होत्या. १८९७ साली पुण्यात प्लेग शिरला. त्यांनी मुलास बोलावून घेतले आणि हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना उघडविला. सासुरवाडीचा माळ, मुलाची डॉक्टरी, आईची सेवा! ज्याला एकदा आधार दिला तोच आता गावाचा आधार झाला होता. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील पांडुरंग बाबाजी गायकवाड हा मुलगा प्लेगने पडल्याचे कळताच सावित्रीबाईंनी त्यास पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. मुलगा वाचला. त्यांना मात्र प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी, सहासष्टाव्या वर्षी, त्या गेल्या.

आजच्या कायद्याने बालगृहातील मुलाचा मुक्काम अठरा वर्षे पुरी झाली की संपतो. पुढे एकवीस वर्षांपर्यंत अनुरक्षणगृहाची सोय सांगितली आहे. ती सर्वांस मिळतेच असे नाही. आपल्या शिवणवर्गात अशीच एक मुलगी आली होती. हात चांगला, बोलणे गोड. पण अर्जावर पत्ता काय लिहू, असे विचारून ती खाली पाहत राहिली. तेव्हा मला राधेला लग्नाआधी घरी आणणाऱ्या सावित्रीबाई आठवल्या. वर्गातील एका भगिनीने आपल्या घरचा पत्ता लिहून दिला. दोन महिन्यांनी तिच्याकडे दिवाळीचा फराळ करावयास ती मुलगी होती.

आता त्या वाड्यातील प्रश्नाचे राहिलेले उत्तर. यशवंताने पुढे चंद्रभागा हिच्याशी दुसरे लग्न केले. त्यांना एक मुलगी झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात यशवंतही वारला. तेव्हा सावित्रीबाई नव्हत्या, जोतीराव नव्हते, मित्रमंडळी पांगलेली. चंद्रभागाबाईंवर लेकीसह दारिद्र्य आले. पस्तीस परक्या बायांना ज्या वाड्याने आसरा दिला तो वाडाच त्यांना विकावा लागला आणि त्या देवळाच्या आश्रयास गेल्या. पुढे सरकारने तो वाडा राष्ट्रीय स्मारक म्हणून जपला. परतीच्या गाडीत, खंडाळ्याच्या उतारावर, हे सारे त्या अबोल भगिनीस सांगितले. तिने चंद्रभागाबाईंचे नाव दोनदा विचारून घेतले आणि आपल्या वहीत लिहून ठेवले.