जॉन पोस्टेल: इंटरनेटचे नंबर सांभाळणारा माणूस

मागच्या आठवड्यात माझ्याकडे लिनक्स कर्नलचा एक पॅच रिव्ह्यूला आला. कर्नल म्हणजे तुमच्या अँड्रॉइड फोनच्याही तळाशी बसून हार्डवेअर सांभाळणारा भाग. ड्रायव्हर त्याच्याकडे आपलं डिव्हाइस नोंदवतो तेव्हा दोन नंबर लागतात, मेजर आणि मायनर. आमच्या नागपूरच्या गाडीवर आधी एमएच ३१ आणि मग गाडीचा नंबर, तसंच. मेजर १० हा किरकोळ डिव्हाइसेसचा गट. या ड्रायव्हरला त्यातला जो मायनर हवा होता, तो आधीच दुसऱ्याने घेतलेला. कर्नल बिझी म्हणून एरर द्यायचा. पॅच लिहिणाऱ्याने काय केलं, तर लूप फिरवला. हा नाही तर पुढचा, रिकामा दिसेल तो घ्या.

चाचणीत मस्त चाललं. पण रिकामा दिसणारा नंबर यादीत कुणाच्या तरी नावावर असू शकतो, फक्त त्याचा ड्रायव्हर अजून लोड झालेला नसतो. मालक बाहेरगावी आहे म्हणून त्याचा प्लॉट विकून टाकायचा, तशातला प्रकार. नंतर खरा मालक येतो आणि त्यालाच एरर मिळतो.

नंबरांची ही भांडणं इंटरनेटच्या जन्मापासून आहेत. ती मिटवण्यात एका माणसाचं अख्खं आयुष्य गेलं. त्यांचं नाव जॉन पोस्टेल.

जन्म ६ ऑगस्ट १९४३, कॅलिफोर्निया. ज्या शाळेत विंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर शिकले, त्याच शाळेत तेही होते. पुढे लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात शिकत असताना १९६९ मध्ये इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटचं पहिलं केंद्र तिथेच सुरू झालं. दाढी वाढलेली, पायात सँडल. आमच्या हॉस्टेलमध्ये सहज खपले असते.

तेव्हा केंद्रं आपापल्या बऱ्याच सेवांना मनाला येईल तो नंबर द्यायची. त्यामुळे समोरच्या कॉम्प्युटरवर एखादी सेवा कोणत्या नंबरला आहे, हे आधी कळणं अवघड होतं. मे १९७२ मध्ये पोस्टेल यांनी एक छोटं टिपण काढलं. नंबर एकाच माणसाने वाटावेत असं सुचवलं, आणि तो माणूस म्हणून स्वतःचंच नाव पुढे केलं. वय होतं २८. मी आत्ता तेवढाच आहे आणि साध्या टीमच्या शेअर्ड शीटची जबाबदारीही टाळतो.

ते काम त्यांनी मरेपर्यंत केलं. १९७४ मध्ये पीएचडी, १९७७ पासून दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका संशोधन संस्थेत नोकरी, आणि सोबत ही यादी. सहकारी जॉइस रेनॉल्ड्स त्यांच्यासोबत ती सांभाळायच्या. तुमचा ब्राउझर ज्या पोर्टवर बोलतो, तो ८० नंबर वेबच्या नावावर याच यादीत चढला. १९९५ मध्ये फिनलंडच्या एका प्रोग्रामरने ईमेलवर २२ नंबर मागितला. दुसऱ्या दिवशी मिळाला. आज जगभरचे इंजिनियर सर्व्हरमध्ये शिरतात ते त्याच २२ मधून. फॉर्म नाही, फी नाही.

देशांच्या डोमेनचं कामही त्यांच्याकडेच होतं. तिथे त्यांनी फार हुशारी केली. कोण देश आणि कोण नाही, या वादात पडायचंच नाही. आयएसओची दोन अक्षरी यादी आधीच होती, ती उचलली. १९८९ मध्ये नोंदलेलं आपलं डॉट इन त्यातलंच. ते पुढे बरीच वर्षं मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या संस्थेने चालवलं.

त्यांचं एक तत्त्व मात्र मला पूर्ण पटत नाही. आपण पाठवताना काटेकोर राहायचं, दुसऱ्याचं स्वीकारताना सैल. नेटवर्क जोडायच्या काळात ते गरजेचं असेल. कर्नलमध्ये सैलपणा म्हणजे चूक झाकणं, त्या लूपसारखी.

२८ जानेवारी १९९८ ला त्यांनी इंटरनेटच्या १२ पैकी ८ रूट सर्व्हर चालकांना ईमेल केला: इथून पुढे मुख्य यादी माझ्या सर्व्हरवरून घ्या. त्यांनी घेतली! कुठलाही कायदा त्यांच्या मागे नव्हता, होता तो फक्त विश्वास. अमेरिकन सरकार हादरलं. पोस्टेल यांनी ही चाचणी होती असं सांगून सगळं पूर्ववत केलं. मला विचाराल तर चाचणीपेक्षा तो इशारा जास्त होता. पण एका माणसाच्या ईमेलवर जगाचं नेट हलतं, ही गोष्ट तितकीच भीतीदायकही आहे.

त्याच सप्टेंबरमध्ये हे काम पुढे नेण्यासाठी आयकॅन ही संस्था स्थापन झाली. १६ ऑक्टोबर १९९८ ला, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीत पोस्टेल गेले. वय ५५. आरएफसी या ज्या टिपणांचे ते १९६९ पासून संपादक होते, त्याच मालिकेत सर्फ यांनी त्यांचा मृत्युलेख लिहिला. त्याचा क्रमांक २४६८.

पॅचवर मी लिहिलं, लूप काढा, कर्नलकडूनच डायनॅमिक मायनर मागा. त्यासाठी २५५ ही खास किंमत द्यायची, मग नोंदलेले नंबर सोडून कर्नल स्वतःच एक देतो. लिनक्स लॅपटॉप असेल तर प्रोक फोल्डरमधली मिस्क ही फाइल उघडून बघा, कोणता मायनर कुणाकडे आहे ते दिसेल. पॅचची दुसरी आवृत्ती काल आली. लूप गेलाय, पण एरर आला तर काय करायचं ते अजून लिहिलेलं नाही.