मुंबईच्या अनभिषिक्त राजाचा उदय आणि अस्त

मुंबईच्या राजकारणाचा इतिहास स. का. पाटील यांचे नाव वगळून लिहिता येत नाही. ते नाव घेताना मराठी मनातील जुनी कटुताही सर्वस्वी बाजूला सारता येत नाही. सुमारे तीन दशके या शहरातील काँग्रेस म्हणजे पाटील, असे समीकरण रूढ होते. मुंबईचा अनभिषिक्त राजा हे बिरुद त्यांना वृत्तपत्रांनी बहाल केले आणि त्यांनी ते कधी नाकारले नाही. १९६७ मध्ये याच मुंबईने त्यांना नाकारले. हे कसे घडले याचा विचार केल्यास एका नेत्याच्या चरित्राबरोबरच लोकशाहीतील सत्तेच्या मर्यादाही स्पष्ट होतात.

सदाशिव कान्होजी पाटील हे मूळचे सावंतवाडी संस्थानच्या मुलखातले, आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील. पोटापाण्यासाठी परळ-लालबागच्या गिरण्यांत आलेले हजारो चाकरमानी ज्या मातीतून आले, तीच त्यांचीही माती. ते मात्र मुंबईत शिक्षणासाठी आले, असहकाराच्या हाकेबरोबर त्यांनी महाविद्यालय सोडले आणि स्वातंत्र्यलढ्यात अनेकदा तुरुंगवास भोगला. मुंबई प्रांतिक काँग्रेसचे चिटणीस आणि पुढे अध्यक्ष म्हणून त्यांनी वॉर्डावॉर्डांत संघटनेचे जाळे विणले. कोणत्या वॉर्डात कोणाचा शब्द चालतो, कोणत्या पेढीकडून निधी मिळतो, उमेदवारी कोणाला द्यावी आणि कोणाला नाकारावी, याचे त्यांच्याइतके बारकाईचे ज्ञान क्वचितच कोणाला असेल. अमेरिकेत शिकागोचे महापौर रिचर्ड डेली यांनी अशाच पद्धतीने आपल्या शहरावर पकड ठेवली होती.

१९४९ ते १९५२ या काळात पाटील मुंबईचे महापौर होते. हा काळ शहराच्या विस्ताराचा होता. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे येत होते आणि १९५० मध्ये उपनगरे पालिकेच्या हद्दीत येऊन बृहन्मुंबई आकाराला आली. या धकाधकीत त्यांच्या प्रशासकीय कर्तृत्वाचा ठसा उमटला. १९५२ मध्ये ते दक्षिण मुंबईतून लोकसभेवर निवडून गेले. त्याच निवडणुकीत उत्तर मुंबईत डॉ. आंबेडकरांसारख्या महापुरुषाचा पराभव झाला, तेव्हाही शहर काँग्रेसची सूत्रे पाटील यांच्याच हाती होती.

त्यांची राजकीय भूमिका प्रारंभापासून उजवीकडे झुकलेली होती आणि ती त्यांनी लपविली नाही. साम्यवादाला त्यांचा कडवा विरोध होता, खासगी उद्योगावर विश्वास होता आणि सरकारने धान्याचा व्यापार हाती घ्यावा हे त्यांना मान्य नव्हते. समाजवादाचा उच्चार ही काँग्रेसमध्ये शिष्टाचाराची बाब झाली असतानाही ते या मतांवर ठाम राहिले. हा प्रामाणिकपणा त्यांच्या पदरी टाकलाच पाहिजे.

परंतु मुंबईच्या प्रश्नावर हाच ठामपणा उद्दामपणा ठरला. मुंबईचे बहुभाषिक स्वरूप आणि तिचा व्यापार अबाधित राहावा, म्हणून ती महाराष्ट्रापासून वेगळी ठेवावी, असे त्यांचे मत होते. मत म्हणून ते मांडण्याचा त्यांना अधिकार होता. २० नोव्हेंबर १९५५ रोजी गिरगाव चौपाटीवरील सभेत मात्र पाच हजार वर्षांतही मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, अशा आशयाचे उद्गार काढून त्यांनी लोकभावनेला डिवचले. संतप्त श्रोत्यांनी ती सभा उधळून लावली. दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटनजवळ मोर्चावर गोळीबार झाला आणि आंदोलनाने रौद्र रूप धारण केले. पुढे चिंतामणराव देशमुखांनी याच प्रश्नावर अर्थमंत्रिपदाचा त्याग केला. पाटील यांनी मात्र दिल्लीच्या निर्णयाची पाठराखण केली.

१९५७ च्या निवडणुकीत मध्य मुंबईने समितीतर्फे कॉम्रेड डांगे यांना विजयी केले. दक्षिण मुंबईत व्यापारी पेठा आणि श्रीमंत वस्त्यांच्या आधारावर पाटील तरले. या विजयाने त्यांचा घात केला, असे म्हटले तर वावगे ठरू नये. यंत्रणा हाती असली की लोकमताची चिंता करण्याचे कारण नाही, हा त्यांचा समज त्यामुळे दृढ झाला.

दिल्लीत त्यांची कारकीर्द बहरत होती. १९५७ पासून ते केंद्रीय मंत्रिमंडळात होते आणि १९५९ मध्ये अन्न व शेती खाते त्यांच्याकडे आले. ४ मे १९६० रोजी त्यांनी अमेरिकेशी पीएल-४८० कायद्याखालील करार केला. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ देण्याची ती तरतूद होती. त्यामुळे शिधावाटपाच्या दुकानांना धान्य मिळाले आणि भाव आटोक्यात राहिले. परंतु परावलंबनाची सवयही लागली. १९६५-६६ च्या दुष्काळात अमेरिकेने हात आखडता घेतला, तेव्हा तिची किंमत देशाला कळली. या कराराच्या केवळ तीनच दिवस आधी, १ मे १९६० रोजी, मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले होते. पाच हजार वर्षांची मुदत पाच वर्षेही टिकली नव्हती.

१९६३ मध्ये कामराज योजनेखाली त्यांनी मंत्रिपद सोडले, १९६४ मध्ये ते रेल्वेमंत्री म्हणून परतले आणि पंतप्रधानांची निवड घडविणाऱ्या सिंडिकेटमध्ये त्यांची गणना होऊ लागली. इकडे मुंबईत महागाईने कारकून आणि कामगार होरपळत होते. पालिकेतील नगरसेवक आणि कामगार संघटनांचे नेते जॉर्ज फर्नांडिस यांनी १९६७ मध्ये दक्षिण मुंबईतून त्यांना आव्हान दिले. पाटील पडू शकतात, एवढाच विश्वास मतदारांत निर्माण करणे हे प्रचाराचे मुख्य सूत्र होते. तो निर्माण झाला आणि राजा पदच्युत झाला. मुंबईतील मराठी माणसांना दुखावणाऱ्या कोकणी मराठी नेत्याचा पाडाव मंगळूरहून आलेल्या तरुणाने करावा, हा नियतीचा खेळच म्हणायचा! त्याच निवडणुकीत कामराज आणि अतुल्य घोषही पराभूत झाले.

नंतर १९६९ मध्ये गुजरातेतील बनासकांठा येथून ते पुन्हा लोकसभेत गेले. मुंबईच्या राजाला परराज्यातील मतदारसंघाचा आश्रय घ्यावा लागला, यातच सारे आले. त्याच वर्षी काँग्रेस फुटली. ते संघटना काँग्रेसबरोबर राहिले आणि १९७१ च्या लाटेत तो पक्ष वाहून गेला. १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले.

पाटील यांची आर्थिक मते काळाने सर्वस्वी खोटी ठरविलेली नाहीत. १९९१ नंतर देश बऱ्याच अंशी त्याच वाटेने गेला. त्यांची चूक अन्यत्र होती. परंपरा आणि स्थैर्य जपणे हा पुराणमतवादी राजकारणाचा खरा आधार होय. परंतु भाषा आणि भूमी यांच्याविषयीची माणसांची ओढ हीदेखील परंपराच असते, हे त्यांनी जाणले नाही. संपत्तीचे स्थैर्य त्यांनी जपले, चाळीतल्या माणसाचा अभिमान मात्र क्षुल्लक मानला. लोकमताच्या विरुद्ध उभे राहण्याचा अधिकार प्रतिनिधीला आहे, प्रसंगी ते त्याचे कर्तव्यही ठरते. लोकांचा अवमान करण्याचा अधिकार मात्र कोणालाही नाही. ज्या गिरगावात त्यांची सभा उधळली गेली, तेथेच चर्नी रोड स्थानकासमोरील उद्यानाला पुढे त्यांचे नाव दिले गेले. मुंबईने त्यांच्या सेवेची नोंद ठेवली आणि मतपेटीतून त्यांच्या अहंकाराचीही.