मूल खोटं बोलतंय की प्रश्नच चुकलाय? ‘आयक्यू’वाल्या विल्यम स्टर्न यांची विसरलेली गोष्ट

‘आयक्यू’ हा शब्द आपण येताजाता वापरतो, पण ती कल्पना मांडणाऱ्या विल्यम स्टर्न यांचं नाव फारसं कुणाला माहीत नसतं. मानसिक वय भागिले खरं वय, हे गणित त्यांनी १९१२ मध्ये मांडलं आणि त्यांची ओळख तेवढ्यावरच थांबली.

आमच्या मते त्यांचं मोठं काम दुसरंच आहे.

विषय असा की, कोर्टात लहान मूल साक्ष देतंय. त्याच्यावर विश्वास ठेवला आणि ते चुकीचं निघालं, तर निर्दोष माणूस तुरुंगात जातो. नाही ठेवला, तर अत्याचार सोसलेल्या पोराचं ऐकायला कुणीच उरत नाही. मग ठरवायचं कसं?

स्टर्न यांचा जन्म १८७१ चा, बर्लिनमधल्या ज्यू कुटुंबातला. १८९७ पासून ते ब्रेस्लाऊला शिकवत होते (हे शहर आता पोलंडमध्ये आहे). १९०२ मध्ये त्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना थोडा वेळ चित्र दाखवायचं आणि मग काय पाहिलं ते लिहायला सांगायचं. चांगली शिकलेली माणसंसुद्धा चुकली. बिनचूक आठवण हा नियम नाही, अपवाद आहे, हे त्यातून दिसलं. पुढच्याच वर्षी त्यांनी साक्षीच्या मानसशास्त्रावर स्वतंत्र नियतकालिक काढलं.

मग आली शाळकरी मुलं. त्यांना शेतकऱ्याच्या घरातल्या खोलीचं चित्र दाखवलं. आधी मुलांनी आपल्या मनाने सांगायचं, नंतर प्रश्नोत्तरं. मोकळेपणी सांगताना मुलं कमी बोलली, पण चुकाही कमी झाल्या. प्रश्न सुरू झाले आणि चुका भराभर वाढल्या. त्यातही चित्रात नसलेल्या वस्तूबद्दल ‘ती होती ना?’ अशा थाटात विचारलं, की लहान मुलं सहज हो म्हणून जायची.

इथे स्टर्न यांनी खरी मेख पकडली. साक्ष म्हणजे मुलाच्या डोक्यातून जशीच्या तशी बाहेर आलेली आठवण नव्हे. अर्धी साक्ष विचारणारा घडवतो.

घरीही हेच चालू होतं. १९०० मध्ये मोठी मुलगी जन्मली तेव्हापासून पत्नी क्लारा आणि ते आपल्या तीन मुलांच्या रोजनिशा ठेवत. हे तब्बल १८ वर्षं चाललं, आणि त्यातलं बरंचसं लिखाण क्लाराबाईंचं. त्या नोंदींवर दोघांनी १९०९ मध्ये लहान मुलांची आठवण, साक्ष आणि खोटं यावर पुस्तक लिहिलं. छोट्या मुलाचं चुकीचं बोलणं हे बरेचदा खोटं नसतंच, तो खेळ असतो, कल्पना असते किंवा आठवणीतली गडबड असते, असं त्यांचं म्हणणं.

१९११ च्या सुमारास बेल्जियममध्ये एका खून खटल्यात फारेंडोंक या मानसशास्त्रज्ञाने मुलांना एका शिक्षकाच्या दाढीचा रंग विचारला. शिक्षकांना दाढीच नव्हती, तरी बऱ्याच मुलांनी रंग सांगितला! यावरून फारेंडोंक यांनी मुलांची साक्षच नको, असा निष्कर्ष काढला. पण दाढी पोरांनी आणली नव्हती, ती प्रश्नातूनच आली होती. स्टर्न यांच्या प्रयोगांचा रोख नेमका इथे होता.

१९१६ मध्ये ते हॅम्बुर्गला गेले आणि तिथलं विद्यापीठ उभं करण्यात त्यांचा वाटा होता. १९२६ मध्ये त्यांनी लैंगिक गुन्ह्यांच्या खटल्यांतल्या अल्पवयीन साक्षीदारांवर पुस्तक लिहिलं. आधी आईबाप, मग शिक्षक, मग पोलीस, मग न्यायाधीश अशी तीच ती चौकशी झाली, की प्रत्येक फेरीत साक्ष थोडी बदलते. म्हणून मुलाला लवकर, कमीत कमी वेळा आणि जाणकार माणसाने विचारावं, हा त्यांचा आग्रह.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि त्याच विद्यापीठाने ज्यू म्हणून स्टर्न यांना बाहेर काढलं. त्यांच्या निकटच्या सहकारी मार्था मुखोव यांनी त्याच वर्षी आत्महत्या केली. स्टर्न आधी नेदरलँड्स आणि मग अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात गेले. १९३८ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं.

पुढे १९५४ मध्ये पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने ठरवलं की, लैंगिक गुन्ह्याच्या खटल्यात सगळा भार मुलाच्या साक्षीवर असेल आणि दुसरा पुरावा नसेल, तर सहसा मानसशास्त्रज्ञाचं मत घ्यायला हवं.