ॲन हचिन्सन

ॲन हचिन्सन (माहेरचे नाव: ॲन मारबरी, बाप्तिस्मा: २० जुलै १५९१, ऑल्फर्ड, लिंकनशायर, इंग्लंड, मृत्यू: ऑगस्ट १६४३, न्यू नेदरलँड) या उत्तर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीतील प्युरिटन धर्मविचारक होत्या. १६३६ ते १६३८ या काळात वसाहतीत झालेल्या 'अँटिनोमियन' म्हणजेच नियमविरोधवादाच्या संघर्षातील त्या प्रमुख व्यक्ती होत.

प्रारंभिक जीवन

ॲन यांचे वडील फ्रान्सिस मारबरी हे इंग्लंडच्या चर्चचे धर्मोपदेशक होते. अशिक्षित धर्मगुरूंच्या नेमणुकांवर टीका केल्यामुळे त्यांना कारावास भोगावा लागला होता. १६१२ मध्ये ॲन यांचा विवाह कापडव्यापारी विल्यम हचिन्सन यांच्याशी झाला. या दांपत्याला पंधरा अपत्ये झाली. उपदेशक जॉन कॉटन यांच्या प्रवचनांचा ॲन यांच्यावर मोठा प्रभाव होता. कॉटन १६३३ मध्ये न्यू इंग्लंडला गेल्यावर पुढील वर्षी हचिन्सन कुटुंबही बोस्टनमध्ये स्थायिक झाले.

कृपा आणि कर्मे

बोस्टनमध्ये ॲन सुईणीचे काम करीत. त्यांच्या घरी प्रवचनांवर चर्चा करण्यासाठी स्त्रिया जमत. पुढे पुरुषही येऊ लागले. तारण देवाच्या कृपेनेच होते, हे सर्व प्युरिटनांना मान्य होते. मतभेद होता तो तारणाची खूण कशी ओळखावी यावर. बहुतेक उपदेशक सदाचरणाला कृपेचा पुरावा मानत. ॲन यांच्या मते, आचरणावरून तारणाची खात्री करून घेणे म्हणजे कृपेचा करार सोडून कर्मांच्या कराराकडे परतणे होय. खरी खात्री पवित्र आत्माच अंतःकरणात देतो. कॉटन व जॉन व्हीलराइट वगळता इतर उपदेशक कर्मांचा करारच शिकवतात, असे त्यांचे म्हणणे होते. या विचाराने नियमशास्त्राचे बंधन सैल होईल आणि उपदेशकांचा व शासनाचा अधिकार ढासळेल, अशी विरोधकांना भीती होती. 'अँटिनोमियन' हे नाव विरोधकांनीच दिलेले होते.

खटला व हद्दपारी

मे १६३७ मध्ये जॉन विन्थ्रॉप गव्हर्नरपदी पुन्हा निवडून आले. नोव्हेंबरमध्ये न्यूटाउन येथे त्यांच्याच अध्यक्षतेखाली ॲन यांच्यावर खटला चालला. ॲन यांनी आरोपांना बायबलच्या आधारे उत्तरे दिली आणि उपदेशकांनी शपथेवर साक्ष द्यावी, अशी मागणी केली. दुसऱ्या दिवशी मात्र आपल्याला देवाकडून थेट प्रकटीकरण होते, असे त्यांनी सांगितले. बायबलबाहेरील प्रकटीकरणाचा दावा न्यायालयाला अमान्य होता. त्यांना हद्दपारीची शिक्षा झाली व मार्च १६३८ मध्ये बोस्टन चर्चने त्यांना बहिष्कृत केले. कॉटन यांनीही अखेरीस त्यांची बाजू सोडली.

अखेरची वर्षे

हचिन्सन कुटुंब व त्यांच्या समर्थकांनी आजच्या ऱ्होड आयलंडमध्ये पोर्टस्मथ ही वसाहत स्थापन केली. पतीच्या निधनानंतर ॲन डच अंमलाखालील न्यू नेदरलँडमध्ये गेल्या. डच व मूळनिवासी यांच्यातील युद्धात ऑगस्ट १६४३ मध्ये त्या व त्यांची अनेक मुले मारली गेली. सुझॅना ही कन्या बचावली. विरोधकांनी या मृत्यूला दैवी शिक्षा मानले.

वारसा

ॲन यांचे स्वतःचे लेखन उपलब्ध नाही. त्यांचे विचार मुख्यतः खटल्याच्या नोंदींतून व विरोधकांच्या लेखनातून कळतात. त्यांचे वंशज थॉमस हचिन्सन यांनी १७६७ मध्ये खटल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. बोस्टनमधील राज्य विधानभवनाच्या आवारात त्यांचा पुतळा आहे. १९८७ मध्ये गव्हर्नर मायकेल डुकाकिस यांनी त्यांना माफी देऊन हद्दपारीचा आदेश रद्द केला.